बारीक वाटा

"निदान आठ-दहा वर्षं तरी बंद असणार ही," डॉक्टर म्हणाला आणि पडद्यावरच्या काळ्या रेघेच्या तुटक्या टोकावर त्यानं पेनाचं टोपण टेकवलं.

थोरलीनं आधी टोपणाकडे पाहिलं. ते चावलेलं होतं. एवढ्या शिकलेल्या माणसालाही टोपण चावायची खोड असावी, याचं तिला जरा बरं वाटलं. मग ते वाक्य सावकाश आत उतरलं. आठ-दहा वर्षं. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. तो पुढे सरकला. "असं कसं डॉक्टर? इतकी वर्षं ही हिंडतेय, फिरतेय, खाली दुकानात बसतेय. दम लागतो म्हणायची, नाही असं नाही. पण ते म्हणजे..." त्यानं हात हवेत हलवला. ते म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नाही. घरात त्यासाठी त्याच्याकडे शब्द होते. नाटक, चोचले, वजन. इथं परक्या माणसासमोर ते काढणं बरं दिसलं नसतं. थोरलीला वाटलं, काढावेत त्यानं. एकदा या उजेडात ते शब्द टेबलावर मांडून ठेवावेत, त्या काळ्या रेघेशेजारी. पण ती गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरला नसता. डॉक्टर म्हणाला, "दम लागायचाच. रक्तच पोचत नव्हतं ना." साधं वाक्य. वाण्यानं साखर संपली म्हणावं तसं. थोरली ते वाक्य पदराच्या टोकात बांधून ठेवावं तसं मनात घट्ट करून बसली. आता ते कुणाला दाखवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि दाखवावं असं माणूस तिला आठवत नव्हतं.

मग डॉक्टरनं चित्र चालू केलं. हृदय दिसत नव्हतं, नुसत्या त्याच्या नसा, आत सोडलेल्या रंगानं काळ्या झालेल्या, पाण्यातल्या शेवाळासारख्या हलत होत्या. उजवीकडची मोठी नस थोडी खाली आली आणि कुणी कात्रीनं कापल्यासारखी संपली. "इथे रस्ता बंद. आता डावीकडे बघा." डावीकडची नस भरली, तिला फांद्या फुटल्या, फांद्यांना केसासारख्या बारीक फांद्या, वाकड्यातिकड्या. त्यांतून रंग झिरपत झिरपत पलीकडे गेला आणि उजवी नस शेपटाकडून भरू लागली. उलटी, खालून वर, तुटलेल्या टोकापर्यंत. "उजव्या बाजूचं हे स्नायूचं मांस मेलेलं नाही, ते यांच्यामुळे. या चोरवाटा आहेत. इतकी वर्षं डावीकडून आणून आणून यांनी उजवीला जगवलंय. पुरेसं नाही, पण मरू दिलं नाही."

"कुणी पाठवल्या त्या?" थोरलीनं विचारलं. विचारल्यावर तिला आपलंच हसू आलं. डॉक्टर मात्र हसला नाही. "कुणी नाही काकू. गरज दिसली, त्यांनी वाट काढली. आम्हालाही सगळं ठाऊक नाही." नवऱ्यानं विचारलं, "मग आता पुढे काय?" डॉक्टरनं सांगितलं की छाती उघडायची जरूर नाही. मनगटातून आणि मांडीतून नळ्या घालायच्या, नळीतून केसाएवढी तार, तारेनं बंद जागेतून वाट काढायची, तिच्यावरून फुगा नेऊन फुगवायचा आणि मग जाळीची नळी बसवायची. काम वेळखाऊ, नाजूक, पण होण्यासारखं. "करून टाकू," नवरा म्हणाला. दुकानात कागदांचा गठ्ठा कटाईच्या यंत्राखाली सरकवताना तो हेच म्हणायचा.

घराचं काम पुस्तकबांधणीचं. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मधे लाकडी जिना, जिन्याला एक वळण. नवरा आणि दीर यंत्रांवर, थोरली आणि धाकटी जाऊ घड्या घालायला नि जुजबंदीला, म्हणजे पानं शिवायला. थोरलीचा हात शिवणीत बसलेला. दोरा मेणावरून ओढायचा, फर्म्याच्या, म्हणजे छापील तावाच्या, घडीतून सुई आत, पुढच्या भोकातून बाहेर, आणि प्रत्येक टाक्याला मनात देवाचं नाव. कुणाला ते माहीत नव्हतं. दाखवायचं ते नाव नव्हे, असं तिच्या आईनं सांगितलेलं. पुस्तक शिवून झालं की कण्याला खळ लावायची आणि गठ्ठे वर माडीवर वाळायला न्यायचे, कारण खाली ओल. हे नेणंही बायकांकडे. नवऱ्याला कापलेली कड आवडायची. दुकानात, घरात, बोलण्यात, जे कडेच्या बाहेर येईल ते त्याला खुपायचं. आणि थोरली कधीपासून कोण जाणे, जिन्याच्या वळणावर कडेच्या बाहेर यायला लागली. गठ्ठा छातीशी धरून ती वळणापर्यंत जायची आणि तिथं पाय उचलायचा राहायचा. छातीवर कुणी दाबाचं यंत्र फिरवून फिरवून आवळतंय. पुस्तकाला दाबतात तसं, कणा सरळ व्हावा म्हणून. ती भिंतीला हात लावून उभी राहायची. घरची पोरं खालून ओरडायची, "थांबा आला, उतरा." सगळे हसायचे, दीर हसायचा, नवरा यंत्र बंद करून हसायचा, आणि थोरलीही हसायची, कारण हसताना तोंड उघडं राहतं आणि हवा जरा जास्त आत येते. हे तिला तेव्हा कळलेलं नव्हतं. आता, ऑपरेशनच्या टेबलावर, कळलं.

टेबल अरुंद होतं आणि खोली इतकी गार, की पहिल्यांदा तिला वाटलं आपल्याला वाळायला ठेवलंय. अंगावर हिरवी चादर, हात बाजूला बांधलेला, मनगटात टोचलेलं, मांडीत टोचलेलं. गुंगीचं काहीतरी दिलं होतं, पण झोपवलं नव्हतं. छातीवर यंत्राचा मोठा चेहरा येऊन थांबायचा, तिरका व्हायचा, नाकापाशी यायचा, परत दूर जायचा, नाक मुरडणाऱ्या पाहुणीसारखा. डोक्याशी नर्स. पायाकडे दोघे, अंगावर जडशीळ शिशाचे झगे घातलेले. एक तिचा ओळखीचा डॉक्टर आणि दुसरा म्हातारा, मऊ आवाजाचा, त्याला सगळे सर म्हणत होते. ते तिच्याविषयी बोलत होते आणि तिच्याशी बोलत नव्हते. लग्नाच्या बोलणीच्या वेळी असंच झालं होतं. ती आतल्या खोलीत बसलेली आणि बाहेर ती कशी आहे ते ठरत होतं.

"जात नाही सर. पुढचं तोंड दगडासारखं झालंय."

"जरा कडक तार घे. जोर लावू नकोस. फिरव नुसती, बोटांनी."

"भिंतीत घुसतेय."

"मग काढ. भिंतीशी भांडण नको."

बराच वेळ हे चाललं. थोरलीला बोटं दिसत नव्हती, पण ती कशी फिरत असतील ते तिला कळत होतं. जाड पुठ्ठ्यातून सुई काढताना आपली फिरतात तशी, नखाला कळ लागेपर्यंत. तिला त्या तरुण डॉक्टरची कीव आली. तिनं मनात नाव घ्यायला सुरुवात केली, पण टाका नव्हता, दोरा नव्हता, हात बांधलेला. नाव आलं आणि निसटलं. त्याच्या जागी भलतंच काही येऊ लागलं. जिना. वळण. आणि वरून येणारा धाकटीचा आवाज, "जाऊबाई, मिठाचा डबा कुठे ठेवलात?" हे कुठून आलं आता, म्हणून ती स्वतःवर वैतागली. दुसरीकडे राहायला जाऊन इतकी वर्षं झालेल्या बाईचा आवाज इथं, या थंडीत, देवाच्या नावाच्या जागी. पण तो तसा नेहमीच वेळ चुकवून यायचा.

"समोरून नाही होणार," म्हातारे सर म्हणाले. "मागच्या दारानं जाऊ. डावीकडून त्या बारीक फांद्यांतून तार न्यायची, उजवीच्या शेपटातून वर, आणि आतून कडी काढायची." मग ओळखीचा डॉक्टर म्हणाला, "फांद्या फार वाकड्या आहेत. फाटली एखादी तर?" सर म्हणाले, "फाटू शकते. मग रक्त साचेल, तेही आवरावं लागेल. नातेवाइकांना विचारून या." पायांचा आवाज झाला, दार उघडलं, मिटलं. थोरली छताकडे पाहत होती. छताच्या चौकटींत एक चौकट दुसऱ्या रंगाची होती. तिथं कधीतरी गळलं असावं. ती जागी होती, शुद्धीवर होती, तिचे कान शाबूत होते, आणि तिच्या हृदयात मागच्या दारानं जावं की न जावं हे विचारायला माणूस बाहेर गेला होता. बाहेर नवरा असणार, बाकावर, वर्तमानपत्राची घडी अगदी कडेला कड लावून. तो काय म्हणेल ते तिला माहीत होतं. तो माणूस परत आला आणि तेच म्हणाला. "करून टाका म्हणतायत."

ओळखीचा डॉक्टर वाकला. टोपीखाली त्याचे नुसते डोळे दिसत होते, दमलेले. "काकू, मिस्टर हो म्हणालेत. आता जरा वेगळ्या वाटेनं जाऊ."

"हे मला विचारताय की सांगताय?" थोरली म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. सपाट, मोठा. नर्सचा हात तिच्या कपाळाजवळ थांबला. डॉक्टर गोंधळला आणि मग म्हातारे सर पायाकडून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. विचार त्यांना." तरुण डॉक्टरनं पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी तिच्याकडे बघून. इथं थांबता येईल. गोळ्यांवर ठेवता येईल, आहे तसं चालेल. किंवा पुढे जायचं.

"त्या बारीक वाटांचं पुढे काय होतं?" तिनं विचारलं.

"कसल्या?"

"ज्यांनी इतकी वर्षं चालवलं."

"मोठा रस्ता खुला झाला की त्या मिटतात. आपोआप. गरज उरत नाही ना. बघायला गेलं तर चित्रात सापडतसुद्धा नाहीत."

"आणि उद्या मोठा रस्ता परत बंद झाला तर?"

"कधी परत उघडतात, कधी नाही. ते सांगता येत नाही काकू."

थोरलीला नाही म्हणायचं होतं. ज्यांनी इतकं केलं त्यांच्याच अंगातून लोखंड न्यायचं आणि काम झालं की त्यांना मिटून जा म्हणायचं, हे तिच्या मनाला पटेना. पण तेवढ्यात तिला दुसराच एक जिना आठवला. तिच्या घरचा नव्हे. पाच मजल्यांचा, सिमेंटचा, कडा झिजलेल्या, प्रत्येक वळणावर कुणाची तरी सायकल. भाऊ वेगळे झाले, यंत्रं वाटली, कटाईचं इकडे राहिलं, दाबाचं तिकडे गेलं, आणि धाकटी नवऱ्याबरोबर त्या पाचव्या मजल्यावर राहायला गेली. लिफ्ट नव्हती. धाकटीनं बोलावलं, थोरली म्हणाली, येईन. दुसऱ्यांदा बोलावलं, म्हणाली, येईन गं. मग धाकटी पाय मोडून अंथरुणावर पडली तेव्हा थोरली खरोखर गेली. हातात खाण्याचा डबा होता. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर छातीत यंत्र आवळायला लागलं, डोळ्यांपुढे काळं आलं, आणि ती तिथंच पायरीवर बसली, एका सायकलीच्या चाकाला धरून. वरून धाकटीच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, किंवा तो दुसऱ्या कुणाचा असेल. मग ती बसल्या बसल्या एकेक पायरी सरकत खाली आली. डबा रस्त्यातल्या एका बाईला दिला. घरी येऊन म्हणाली, "दार बंद होतं." दम लागला म्हणाली असती, तर सगळे हसले असते. ते एवढंसं खोटं तिच्या छातीत त्या काळ्या टोकासारखंच बसलं होतं, कडक, पुढचं तोंड दगड झालेलं.

"जा," ती म्हणाली. "मागच्या दारानं जा."

मग खोलीतला आवाज बदलला. माणसं कमी बोलू लागली. छातीत आधी काही कळलं नाही, मग एकदम हृदयाचे ठोके अडखळले, जिन्यावर पाय चुकावा तसे. यंत्रानं जलद टिकटिक केली. नर्स म्हणाली, "मोठा श्वास घ्या." कुणी तरी आत चालत होतं. थोरलीला ते खरोखर जाणवलं, की जाणवतंय असं तिला वाटलं, हे तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. एक बारीक, टोकदार, सावध चालणं. वळण आलं की थांबायचं, चाचपायचं, पुन्हा पुढे. आणि कळ. डाव्या खांद्याकडून छातीच्या मधोमध जाणारी, दाताच्या मुळात घुसावी तशी. तिनं डोळे मिटले. जिना आला. गठ्ठा हातात, खळीचा आंबट वास नाकात, वळण, भिंतीचा गार गिलावा, पाय थांबलेला. खालून पोरं ओरडायच्या बेतात. आणि नेमका त्याच क्षणी वरच्या दारात धाकटी. "जाऊबाई, मिठाचा डबा कुठे ठेवलात?" मग थोरली तिथं उभी राहून सांगायची. शेगडीच्या वर. कुठे वर? अगं फळीवर, डोळ्यांपुढे. उजवीकडे की डावीकडे? उजवीकडे. मोठ्या डब्यामागे का? मागे नाही गं, पुढेच. आणि एवढं होईतो पाय हलका व्हायचा, आणि ती चिडून उरलेला जिना चढून जायची, की इतकी वर्षं घरात राहून हिला डबा सापडत नाही. पोरं गप्प असायची, कारण थोरली थांबली नव्हती, दोघी जावा बोलत होत्या. बायका जिन्यात बोलतात, त्यात हसण्यासारखं काही नसतं.

कधी मीठ असायचं, कधी कात्री, कधी दूध किती तापवू. थोरलीनं हे सगळं धाकटीच्या खात्यावर मांडलं होतं. वेंधळी, धांदरट, आईनं काही शिकवलं नाही. पण आता तार एका फांदीतून दुसरीत वळत असताना तिला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती इतकी उघडी होती, की तिनं डोळे उघडले. धाकटी उंच होती. फळी तिच्या नाकासमोर होती. आणि धाकटीनं तो प्रश्न स्वयंपाकघरात कधीही विचारला नव्हता. दोघी शेजारी उभ्या असताना कधीही नाही. थोरली वर असताना, बसलेली असताना, नीट असताना, कधी नाही. फक्त जिन्याच्या वळणावर. त्याआधी तिथं एक स्टूल आलं होतं. धाकटीनंच आणून ठेवलं होतं, "गठ्ठा टेकायला." नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी ते उचललं, वाटेत अडगळ कशाला म्हणून. स्टूल गेलं आणि मिठाचा डबा हरवायला लागला. थोरलीला हे एका बाजूला एक ठेवून कधी बघताच आलं नव्हतं. कोण बघतं? फर्म्यांचे आकडे जुळले नाहीत तर पुस्तक उलटं शिवलं जातं, हे तिला कळायचं. आपलं आयुष्य कुठल्या पानापासून उलटं शिवलंय ते कोण तपासतं.

"अजून थोडं, काकू. पोचलोय," डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, लपवलेला. "काय झालं, दुखतंय का? रडताय?" नर्सनं कापसानं तिचे डोळे टिपले. थोरली म्हणाली, "नाही. गार वाजतंय." कारण निघताना, वाटण्या झाल्यावर, सगळ्यांदेखत धाकटी म्हणाली होती की आता आम्ही आमचं बघू, आणि थोरली उत्तरली होती, "ज्या बाईला मिठाचा डबा सापडत नाही, ती काय वेगळं घर बघणार." हशा झाला. धाकटीही हसली. तिनं तेव्हा फक्त थोरलीकडे पाहिलं होतं, जरा जास्त वेळ, आणि मग वाकून आपली पिशवी उचलली होती. तेव्हा ती एक शब्द बोलली असती तर थोरलीचं नाक खाली झालं असतं. ती बोलली नाही. तेही एक बोलणंच होतं, आणि तेही थोरलीला आज, चादरीखाली, दोन्हीकडून नळ्या घातलेल्या अवस्थेत, ऐकू आलं.

पुढचं लवकर झालं. मागून आलेली तार पुढच्या नळीत पकडली, बाहेर ओढली. सर म्हणाले, "निघाली कडी." फुगा फुगवला तेव्हा छाती भरून कोंडली, मग सुटली, आणि पडद्यावर उजवी नस वरून खाली सरळ काळी धावली, नळ सोडल्यासारखी. थोरलीनं मान वळवून पाहिलं. डॉक्टरनं कौतुकानं डावीकडचं चित्र पुन्हा काढून दाखवलं. "हे बघा काकू, गंमत. त्या फांद्या आत्ताच फिक्या पडल्या. उजवीला आता वरूनच मिळतंय, म्हणून त्यांतून काही जातच नाही." खरंच, तिथं जवळजवळ काही नव्हतं. एक धूसर सावली, बोटानं पुसल्यासारखी. डॉक्टर खूश होता, त्याला खूश असायचा हक्क होता. थोरली म्हणाली, "फार चांगलं केलंत तुम्ही." आणि तेही खरं होतं.

घरी आल्यावर ती जिना चढली. वळणावर पाय आपसूक थांबायला गेला, आणि थांबण्याचं कारण सापडलं नाही म्हणून पुढे गेला. वर नवरा दारात उभा होता. "बघ. एवढंसं काम होतं. उगीच इतकी वर्षं काढलीस." तो हे मनापासून म्हणाला. बिल भरून, बाकावर बसून, घाबरून, आता सुटल्यासारखा. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण राग चढायलाही आत कुठे तरी अडसर लागतो. आता सगळं सरळ वाहत होतं. ती पाणी प्यायली आणि तिनं फळीवरचा मिठाचा डबा पाहिला. तो होता तिथंच होता, डोळ्यांपुढे. पुढचे काही दिवस घरात सगळे तिचं कौतुक करत होते. तरतरीत दिसतेस, वय उतरलं. पोरं आता मोठी झालेली, एकानं फोनवर विचारलं, "काय, थांबा बंद झाला म्हणे?" ती म्हणाली, "हो. सरकारनं काढून टाकला." तो खूप हसला. चालायफिरायची मोकळीक मिळाली तशी एका सकाळी दिवा लावून, कुणाला न सांगता ती निघाली.

पाच मजले. ती एकदाही थांबली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर तीच सायकल होती की दुसरी, ते पाहायलाही नाही. वर पोचली तेव्हा श्वास जरासा वाढला होता, कुणाचाही वाढतो तेवढा. धाकटीनं दार उघडलं. केस पांढरे झाले होते, पायात किंचित ओढ. ती क्षणभर थोरलीच्या तोंडाकडे नाही, छातीकडे पाहत राहिली, धापेनं वर-खाली होते का ते. होत नव्हती.

"या," ती म्हणाली. "एका दमात आलात?"

"हो."

"बसा."

घर नीटनेटकं होतं. थोरलीनं पाणी घेतलं. ती नसेविषयी सांगू लागली, तर धाकटी म्हणाली, "कळलं मला. दादांचा फोन आला होता इकडे. बरं झालं." दादा म्हणजे थोरलीचा नवरा. धाकटी हात मांडीवर ठेवून बसली होती, दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघतात तशी. थोरलीनं फार घोकून आणलेलं बोलणं कुठून सुरू करावं ते तिला सुचेना. मग ती एकदम मधूनच म्हणाली, "तेव्हा आले होते मी. तुझा पाय मोडला तेव्हा."

"दार बंद होतं म्हणालात."

"दुसऱ्या मजल्यापर्यंत आले होते गं. पुढे चढवेना."

धाकटी हसली. वाईट नाही, नुसती. "जाऊबाई, दार मी उघडंच ठेवायचे. उठून कडी काढता येत नव्हती ना. महिनाभर उघडं होतं." ती थांबली. "तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत. आज एका दमात. असू दे."

"नस बंद होती माझी. दहा वर्षं. डॉक्टरनं दाखवलं चित्रात."

"असेल की. मी कुठे नाही म्हणतेय."

थोरलीच्या लक्षात आलं, की दाखवायचं चित्रच आता राहिलेलं नाही. होतं तेव्हा कुणी पाहिलं नाही, आणि आता ती इथं धडधाकट बसली होती. तिचं बरं होणंच तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. तिनं पेला खाली ठेवला. उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. शेगडी, शेगडीच्या वर फळी, फळीवर उजवीकडे, मोठ्या डब्याच्या पुढे, मिठाचा डबा. तिच्या घरी असतो तस्साच, तिथंच. थोरलीनं तो पाहिला आणि धाकटीनं तिला पाहताना पाहिलं.

"तू मुद्दाम विचारायचीस ना?" थोरली म्हणाली. "जिन्यात. मी वळणावर असले की."

धाकटीनं पेला उचलला, त्याखालचा ओला गोल तळहातानं पुसला, कडेपर्यंत. खाली कुणी तरी सायकल टेकवली. "काय विचारायचे?"

"मिठाचा डबा."

"मला नाही आठवत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, चढ नाही, उतार नाही. "खूप वर्षं झाली. आणि विचारत असले तरी आता काय त्याचं? तुम्ही चढता की."

तिनं चहाचं विचारलं, थोरली नको म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. दारापर्यंत ती आली, सांभाळून जा म्हणाली, लोकांना म्हणतात तसं. थोरली उतरू लागली. पहिलं वळण आलं तिथं ती थांबली. दम लागला नव्हता. उतरताना कुणाला लागतो? ती मुद्दाम थांबली, भिंतीला हात लावला, गिलावा गार होता, आणि वर तोंड करून उभी राहिली. वर धाकटी दारातच असावी. दार मिटल्याचं ऐकू आलं नव्हतं. थोरली वाट पाहत होती. काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं. छत्री राहिली का, बस कुठून मिळते, घरी भाजी काय करणार. तिनं सगळी उत्तरं तयार ठेवली होती, लांबवून सांगायची.

वरून कडी लागल्याचा आवाज आला.

ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. श्वास नीट आत येत होता, नीट बाहेर जात होता, कुठेही अडत नव्हता. एवढ्या श्वासाचं करायचं काय, ते तिला कळेना.